पत्रांच्या डब्याची किल्ली

साल दोन हजार तीन. मला सदुसष्टावं चालू होतं आणि गुडघे सोडले तर बाकी सगळं ठणठणीत होतं. दसरा-दिवाळीचा झेंडू निघाला, रान मोकळं झालं आणि कार्तिकात मी यात्रेच्या बसमध्ये बसलो. काशी, प्रयाग, अयोध्या, मथुरा, हरिद्वार, पुढे कुरुक्षेत्र आणि अमृतसर, असा सव्वीस दिवसांचा बेत. हे लिहितोय ते आमच्या मखमलाबादेतल्या ज्यांना जायला जमलं नाही त्यांच्यासाठी. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखन बघू नये. बाकी जे लिहिलंय ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

निघण्याआधीची एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझी मुलगी नलू लग्न होऊन न्यूझीलंडला गेली. जाताना तिने पंचवटीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात आमच्या नावाने ईमेलचा डबा उघडून दिला. त्याला कुलूप असतं, त्या कुलपाचा शब्द कुणाला सांगायचा नाही, हे तिने मला तीनदा बजावलं. शब्द मीच ठरवला, आमच्या थोरल्या बैलाचं नाव आणि पुढे मळ्याचा गट नंबर. इंग्रजी अक्षरं मी ट्रकच्या पाट्या वाचून शिकलो होतो, त्यामुळे इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी मी बोट ठेवून वाचतो. नलूची पत्रं मी स्वतः वाचायचो. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

नलूची आई शाळेत गेलेली नव्हती. दर बुधवारी फूलबाजारात माल देऊन झाला की आम्ही त्या दुकानात जायचो. ती खुर्चीवर पदर आवरून बसायची आणि बोलायची, दुकानवाला टाइप करायचा. बायकोने परक्या माणसापुढे इतकं मोकळं बोलावं हे मला पटत नव्हतं, म्हणून मी बाहेर बाकावर बसायचो. अशी तिने अकरा पत्रं पाठवली. माघात ती गेली. दोन दिवसांचा ताप, बाकी काही नाही.

तिचा आवाज कुठे भरून ठेवलेला नाही. जे काही तिच्या तोंडचं शिल्लक आहे ते त्या डब्यात, 'पाठवलेली पत्रं' म्हणून एक कप्पा असतो त्यात. तेव्हापासून मी दर बुधवारी जायचो, नलूचं पत्र वाचायचो, मग तो कप्पा उघडून अकरा ओळी मोजायचो आणि उठायचो. एकही पत्र उघडलं नाही. उघडलं की ऐकून होईल, ऐकून झालं की संपेल, असं वाटायचं. दुकानवाला म्हणाला, "बाबा, कागदावर काढून देतो, घरी ठेवा." मी म्हणालो, "कागद उंदीर खातो. आहे तिथं बरं आहे."

काशी

काशीला आम्ही मंगळवारी संध्याकाळी पोचलो. गंगा मोठी आहे, त्यात वाद नाही. आपली गोदावरी रामकुंडावर घरातल्यासारखी वाटते, पायऱ्या उतरलं की हातात. गंगा हातात येत नाही. पलीकडचा काठ नुसती वाळू, आणि पाणी असं चाललेलं की त्याला आपण आलोय की गेलोय काही पडलेली नाही.

झेंडू मात्र मी पारखून पाहिला. माळेला मधला दोरा बारीक आणि फुलं टपोरी, पण नुसती देठाला टोचलेली. आपल्याकडे अशी माळ दिली तर गिऱ्हाईक तोंडावर मारेल. तिथे कुणी तक्रार करत नाही, कारण माळ घेतली की पाच मिनिटांत पाण्यात. मी एका माळणीला म्हणालो, "बाई, सुई जरा आतून घाला." ती म्हणाली, "बाबा, गंगा मैया गिनती नहीं करती." सकाळी कचोरी आणि जिलेबी एकत्र खातात. गोड-तिखट एकदम. आमच्या बसमधल्या निम्म्या लोकांची पोटं त्याने बिघडली. माझं नाही बिघडलं.

बुधवार होता. गल्लीत कॉम्प्युटरचं दुकान सापडलं. आमच्या बसमध्ये निफाडचे एक रिटायर गुरुजी होते, ते म्हणाले, "थांबा काका, मी येतो मदतीला."

"मला येतं," मी म्हणालो.

आणि आलंच. कुलूप उघडलं, नलूचं पत्र वाचलं. ती नव्या घरी राहायला गेली होती, फोनचा नवा नंबर पत्रात दिला होता. लिहून घ्यावा असं मनात आलं, पण म्हटलं डब्यात आहेच की, पळून जातोय काय. मग अकरा ओळी मोजल्या. शेवटी पडद्याखालचं बटण दाबून पडदा काळा केला, नाशिकला दर बुधवारी करायचो तसाच. दुकान बंद करताना दिवा घालवतो तसं. उठलो आणि ऐटीत बाहेर आलो.

मथुरा

मथुरेबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही, आणि त्याचं कारण सांगायला लाज वाटते.

नलूची आई जन्मभर एकच गाव मागायची. काशी नाही, रामेश्वर नाही. "एकदा मथुरा दाखवा." फुलांचा हंगाम बरा गेला की म्हणायची, नलूचं लग्न झालं तेव्हा म्हणाली, मागच्या वर्षी दिवाळीतही म्हणाली. मी म्हणायचो, "काय आहे तिथं? पेढे ना? ते त्र्यंबकला पण मिळतात." ती "बरं" म्हणायची आणि हातातल्या कामाला लागायची. तिला कृष्णाची भक्ती असेल असं मी धरून चाललो होतो.

बस मथुरेला थांबली तेव्हा सगळे देवळात गेले. मी गेलो नाही. जी तिला दाखवली नाही ती मथुरा मी एकट्याने कोणत्या तोंडाने बघणार? गुरुजी म्हणाले, "काका, इथवर येऊन?" मी म्हणालो, "गुडघा दुखतोय." आणि दिवसभर धर्मशाळेच्या मागच्या अंगणात आमच्या आचाऱ्यापाशी बसून लसूण सोलला. त्याने रात्रीला पिठलं केलं होतं. मथुरेचं मी एवढंच पाहिलं, एक अंगण, एक चूल आणि भिंतीवर बसलेली माकडं. लोकांनी पेढे आणले, खरपूस, तपकिरी, वरून साखर लावलेले. मी खाल्ला नाही.

हरिद्वार

हरिद्वारला गंगा वेगळीच. थंड, हिरवी, आणि एवढा जोर की लोक साखळी धरून बुडी मारतात. मी साखळी न धरता मारली आणि एक चप्पल वाहून गेली. ती काठावर ठेवली होती, पण पाय घसरला तेव्हा माझ्याच हाताने ढकलली गेली. उरलेली एक घेऊन काय करणार, तीही सोडून दिली. गुरुजी हसले. "जोडी फुटू नये म्हणून का?" ते सहज म्हणाले, पण मला लागलं.

नवी चप्पल घेऊन मी बाजारात दुकान शोधलं. बुधवारची दुपार होती. एसटीडीचा फोन आणि दोन कॉम्प्युटर, असं एका पहाडी बाईचं दुकान होतं. पन्नाशीची असेल, डोक्याला रुमाल, समोर लोकरीचं विणकाम. मी बसलो, बैलाचं नाव आणि गट नंबर टाकला. लाल अक्षरं आली. पुन्हा टाकलं. पुन्हा लाल.

"बाबा, पासवर्ड गलत है," ती लांबूनच म्हणाली.

"गलत कैसे? बैल मेरा, खेत मेरा."

ती उठून आली. आधी कुठे उघडलं होतं, बंद कसं केलं, असं सगळं विचारलं. मी बटण दाबून दाखवलं. तिने कपाळावर हात मारला.

"अरे बाबा! ये तो सिर्फ परदा है. घर का दिया बुझा दिया और दरवाज़ा खुला छोड़ दिया!"

काशीला माझ्यामागून जो खुर्चीवर बसला त्याला माझा डबा उघडा मिळाला होता, आणि त्याने शब्द बदलून टाकला होता. मी म्हणालो, नाशिकला तर वर्षभर असंच करतो, काही झालं नाही. बाई म्हणाली, मग तिथे तुम्ही उठल्यावर दुकानवाला बंद करत असणार. आणि मला आठवलं, मी उठलो की तो दर वेळी माझ्या खुर्चीकडे जायचा. मला वाटायचं खुर्ची पुसतो.

मी म्हटलं, "उसमें मेरे घरवाली का बोलना है. वो मिटा सकता है क्या?"

"मिटा सकता है," ती म्हणाली. खोटा धीर दिला नाही, हे मला आवडलं. मग म्हणाली, एक वाट आहे. डबा उघडताना गुप्त प्रश्न लिहून ठेवलेला असतो, त्याचं उत्तर दिलं तर नवीन शब्द लावता येतो. चोराने तो बदलला नसेल तर. तिने कुठेतरी दाबलं आणि प्रश्न आला. नलूने लिहिलेला, इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. मी बोट ठेवून वाचला.

आईचं माहेरचं नाव काय?

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहायचं. माझ्या आईने शांता ठरवलं, मी शांता लिहिलं. त्या दिवसापासून ती शांता. मीही त्या नावाने कधी हाक मारली नाही, "अगं" म्हणायचो, नंतर "नलूची आई". तांदळात लिहिण्याआधी तिचं काय नाव होतं, ते मी कधी विचारलंच नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांत.

बाई वाट बघत होती. मी तिला खरं सांगितलं.

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बैल का नाम याद है, बीवी का नहीं?"

तिचं बरोबर होतं.

नलूला विचारावं तर तिचा नवा नंबर त्याच डब्यात. मी तिच्या आईची चंची बरोबर आणली होती, पान-सुपारीची, कापडी. मी पान खात नाही, तरी आणली होती. त्यात नलूने आईसाठी केलेला एक कागद होता. आईला वाचता येत नाही म्हणून प्रत्येक नंबरापुढे चित्र. घराच्या नंबरापुढे फूल. नलूच्या जुन्या नंबरापुढे विमान. आणि तिसऱ्या नंबरापुढे कांदा. कांदा म्हणजे चांदवड, चांदवड म्हणजे तिचा धाकटा भाऊ दामू.

दामूशी मी अकरा वर्षं बोललो नव्हतो. त्याच्या मुलाच्या लग्नात मानाचा फेटा मला बांधायचा तो त्याने दुसऱ्याला बांधला. मी भरल्या मांडवातून उठून आलो. बहीण गेली तेव्हा तो आला, रिवाजाप्रमाणे माहेरची साडी तिच्या अंगावर घातली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मीही हाक मारली नाही. दोघंही एकाच मातीचे.

बाईने फोन माझ्यापुढे सरकवला. मी दोनदा उचलून ठेवला. तिसऱ्यांदा तिनेच नंबर फिरवला.

"हॅलो, कोन बोलतंय?"

"मी. मखमलाबादवाला."

"दाजी? काय झालं? कुठून बोलताय?"

"हरिद्वारहून. झालं काही नाही. एक विचारायचंय."

"अकरा वर्सांनी इचारताय म्हंजे मोठंच असंल. इचारा."

"तुझ्या बहिणीचं माहेरचं नाव काय होतं?"

"दाजी, घेतली का काय तुमी?"

"हरिद्वारला मिळत नाही."

"मंग चेष्टा करता?"

"नाही रे दामू. मला माहीत नाही."

मागे कुत्रं भुंकत होतं, चांदवडचं कुत्रं मला हरिद्वारला ऐकू येत होतं. मग त्याचा आवाज आला तेव्हा त्यातला खवचटपणा गेला होता.

"मथुरा," तो म्हणाला.

"काय?"

"मथुरा नाव व्हतं तिचं. आमचे आबा नवस फेडाया मथुरेला गेलते. तवा चांदवडातून कोन जात व्हतं एवढ्या लांब? ते तिकडं, आन् हिकडं आई बाळंत झाली. आबा परत आले तवर पोरगी दीड महिन्याची, बिननावाची. आई म्हनली, तुमी जिथं व्हते त्येच नाव ठिवा. आमी मथी म्हनायचो. तुमच्या घरी जाऊन ती शांता झाली, आमाला लय दिस सवय नाय लागली."

मी भिंतीला टेकलो.

"तिला लय व्हतं एकदा ते गाव बघायचं," दामू म्हणाला. "तुमाला बोलली नाय कधी?"

"बोलली."

"मंग?"

पुढे त्यानेच सांभाळून घेतलं. "बरं, असूंद्या. घरी आले की या हिकडं. तुमचा फेटा ठिवलाय पेटीत. कसर लागली असंल तं माझा दोष नाय."

मी बाईला उत्तर सांगितलं. तिने टाकलं. लाल अक्षरं आली नाहीत. "खुल गया," ती म्हणाली, आणि नवा शब्द टाकताना तोंड रस्त्याकडे करून उभी राहिली. सवालाचं उत्तर आणि पासवर्ड एक ठेवू नका, एवढं बजावलं. मी काय ठेवला ते इथे लिहीत नाही. तेवढी अक्कल आली.

आत नलूची तीन पत्रं होती. कुणीतरी माझ्या नावाने तिला इंग्रजीत अचकट-विचकट लिहिलं होतं आणि ती घाबरली होती. 'बाबा, हे तुम्ही नाही ना? कुठे आहात?' मी तिला एका बोटाने उत्तर दिलं. मी ठीक. हरिद्वार. मामाशी बोललो. एवढं लिहायला अर्धा तास लागला.

मग पाठवलेल्या पत्रांचा कप्पा उघडला आणि मोजलं. अकरा. पुन्हा मोजलं. अकराच. चोराला त्यांची काय किंमत, त्याने हात लावला नव्हता.

बाईला म्हटलं, कागदावर काढ. ती छपाईच्या मशिनात कागद घालत म्हणाली, "आप पढ़ लोगे?" मी बोट ठेवून वाचतो खरा, पण त्या वेळी अक्षरं हलत होती. म्हणालो, "तू पढ़."

तिला मराठी येत नव्हतं. नुसती अक्षरं लावत, अडखळत, तिने सगळ्यात शेवटचं पत्र वाचलं. बाईमाणसाचा आवाज, आणि शब्द तिचे.

"नलू, झेंडू चांगला लागलाय. तू जपून राहा, थंडीत डोकं बांधत जा. तुझे बाबा बाहेर बाकावर बसलेत, कान सगळे हिकडंच हायेत. त्यांना म्हनलं एकदा मथुरा दाखवा, तं म्हनले पेढे त्र्यंबकला मिळत्यात. मी म्हनलं बरं. तू आलीस की आपन दोघी जाऊ. त्यांना घरी ठिवू. गाय कोन पाहील?"

बाईला अर्थ कळला नाही, तरी ती थांबली. मला हसू आलं आणि हसता हसता भलतंच झालं. तिने लोकरीचा गुंडा उचलला आणि विणत बसली, माझ्याकडे न बघता. किती वेळ कुणास ठाऊक. मी उठताना पुन्हा सवयीने पडद्याच्या बटणाकडे हात नेला. "बाबा!" ती ओरडली. मग 'बाहेर पडा' कुठे लिहिलेलं असतं ते दाखवलं, आणि पहिलं पान परत येईपर्यंत खुर्ची सोडायची नाही, असं माझ्याकडून तीनदा करून घेतलं. जे कुणी यात्रेला जाणार असतील त्यांनी हे ध्यानात ठेवावं. आणि माणसांचे नंबर कागदावरही लिहून घ्यावेत. चित्र काढलं तरी चालेल.

संध्याकाळी आरतीला सगळे दिवे सोडायला गेले. मीही गेलो. द्रोणात आपल्यासारखाच झेंडू होता. शेजारच्या बाईने विचारलं, "किसके नाम का?" मी नाव सांगितलं नाही. तोंडाशी आलं होतं, पण ज्या नावाने मी तिला एकदाही ओळखलं नाही, ते असं गर्दीत पाण्यावर सोडून द्यायला जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस कुरुक्षेत्राकडे निघायची होती. मी पिशवी खांद्याला लावली, चंचीत ते कागद घडी करून ठेवले आणि मॅनेजरला सांगितलं की मी पुढे येत नाही. तो म्हणाला, भरलेले पैसे परत मिळणार नाहीत. म्हटलं, नको. गुरुजी मागे धावत आले, "काका, एकटे कुठे जाताय, हिंदी तरी येतं का नीट?" मी म्हणालो, "मला येतं." मग जरा थांबून म्हणालो, "नाही आलं तर विचारीन."

स्टँडवर धूर आणि धुकं एकत्र होतं. गाडी सुरू होती, दारात कंडक्टर उभा.

"कहाँ जाओगे, बाबा?"

"मथुरा," मी म्हणालो.

इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. त्याने कानाला हात लावला. तेव्हा मी पायरीवर चढलो आणि सबंध गाडीला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणालो.